चार्जरला चिकटपट्टी किती दिवस?

या पानावर हुमणी, बोंडअळी आणि ठिबकचे अनुदान वाचायची तुम्हाला सवय आहे. आजचा विषय त्या मानाने फुटकळ वाटेल. पण सातबारा असो, आठ-अ असो, रहिवासी दाखला असो की अनुदानाचा ऑनलाइन अर्ज, हे सगळे आता गावातल्या एका लॅपटॉपमधून जाते, आणि तो लॅपटॉप एका करंगळीपेक्षा बारीक वायरीवर जगतो. ती वायर तुटली की तुम्हाला उत्तर मिळते, "चार्जर चालत नाही, उद्या या." विम्याची मुदत परवा संपणार असेल तर त्या 'उद्या'ची किंमत काय होते, हे ज्याचा एक रोज आणि दोन वेळचे एसटीभाडे गेले त्याला विचारावे.

कोणत्याही गावच्या कार्यालयात जाऊन चार्जर बघा. काळ्या ठोकळ्यातून जिथे वायर बाहेर पडते नेमके तिथेच वरचे कातडे फाटलेले, आतले तांबे दिसतेय, त्यावर चिकटपट्टी, तिच्यावर दोरा आणि वरून रबरबँड. लॅपटॉपखाली एक रजिस्टर तिरके सरकवलेले असते, कारण त्याच कोनात ठेवला तर चार्जिंग धरते! भाऊसाहेबांना हसू नका, घरोघरी कॉलेजच्या पोरांचे चार्जरही याच अवस्थेत आहेत.

आता प्रश्न असा, की ही वायर दुरुस्त करावी की नवा चार्जर घ्यावा? दुकानदार म्हणतो नवा घ्या, गावातला हुशार पोरगा म्हणतो दोन मिनिटांत जोडून देतो. माझे मत या दोघांपेक्षा वेगळे आहे. मी कृषी पदविकेचा माणूस, वायरमन नव्हे. पण विहिरीवरच्या मोटारी आणि स्टार्टर यांच्यात बारा वर्षे गेली, आणि जो नियम तिथे तोच इथे लागू पडतो.

आधी हे ध्यानात घ्या, की चार्जरला वायरी दोन असतात. भिंतीच्या बोर्डापासून ठोकळ्यापर्यंतच्या वायरीत 230 व्होल्टची घरातली वीज असते. ठोकळ्यापासून लॅपटॉपपर्यंतच्या वायरीत साधारण 19 ते 20 व्होल्ट. पहिल्या वायरीबद्दल चर्चाच नको. ती फाटली तर जोडायची नाही, टेप मारायची नाही, बदलायची. बहुतेक चार्जरला ती ठोकळ्यातून उपटून निघते, तालुक्याच्या कोणत्याही दुकानात शे-दोनशे रुपयांत मिळते. फक्त तीन पिनांची असेल तर तीन पिनांचीच घ्या. आणि अर्थिंगची पिन सॉकेटात बसत नाही म्हणून तोडणारे महाभाग आहेत, त्यांना हात जोडून विनंती, की सॉकेट बदला.

खरा वाद दुसऱ्या वायरीचा. वीस व्होल्टने शॉक बसत नाही, म्हणून लोक तिला बिनधास्त पीळ मारतात. इथेच फसगत होते. साध्या 65 वॅटच्या चार्जरच्या या वायरीतून सव्वातीन अँपिअर प्रवाह जातो. भिंतीकडच्या वायरीपेक्षा हा कितीतरी पट जास्त झाला. आता बोटांनी पिळलेल्या, काळ्या पडलेल्या जोडात समजा अर्धा ओहम रोध राहिला, तर तुरीच्या दाण्याएवढ्या जागेत पाच वॅटच्या वर उष्णता तयार होते. चिकटपट्टीचा गोंद पातळ होतो, पट्टी सरकते, तांबे उघडे पडते. हे सगळे कुठे घडते? कागदाच्या गठ्ठ्यांवर, नाहीतर घरी गादीवर. म्हणून चिकटपट्टीला मी दुरुस्ती मानत नाही. तो नुसता लपवण्याचा प्रकार आहे.

मग नवाच घ्यायचा का? तसेही नाही. पाणबुडी मोटारीची केबल तुटली म्हणून कोणी मोटार भंगारात टाकतो का? जोड मारतो. पण कसा मारतो? तिन्ही तारा वेगवेगळ्या उंचीवर कापतो, म्हणजे जोड समोरासमोर येत नाहीत. तांबे घासून लख्ख करतो. आधी रबरी टेप ताणून, मग वरून पीव्हीसी टेप. कारण वाईट जोड पाण्यात उतरला तर मोटार जळते, हे आपल्याला पैसे मोजून कळलेले आहे. एवढीच काळजी चार्जरच्या वायरीला द्या, ती वर्षानुवर्षे चालते.

हे काम मात्र पक्कड आणि दाताने व्हायचे नाही. या वायरीची बांधणी वेगळी असते. मधोमध एक तार आणि तिच्याभोवती जाळीसारखी गुंफलेली दुसरी. जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला टेकला तरी शॉर्ट होते आणि ठोकळा आपणहून बंद पडतो. काही कंपन्यांच्या वायरीत तिसरी केसाएवढी तार असते, तिच्यावरून लॅपटॉप आपला चार्जर ओळखतो. ती तुटली तर लॅपटॉप चालतो पण बॅटरी चढत नाही, आणि माणूस उगाच बॅटरीला दोष देत बसतो. उलटसुलट जोडले तर लॅपटॉपच धोक्यात. म्हणून तालुक्याच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे जा. मोबाइल आल्यापासून त्याच्या दुकानावर धूळ बसलीय, पण डाग मारायची इस्त्री त्याच्या हातात अजून बसलेली आहे. फाटलेला तुकडा जोडण्यापेक्षा तो कापून पिनेसकट नवी वायर डाग मारून घेतलेली बरी. मजुरी धरून दोन-तीनशेच्या आत काम होते. घेताना नुसता मीटर लावून 'व्होल्ट येतेय' यावर समाधान मानू नका. एका केसावर लटकलेली वायरसुद्धा मीटरवर पूर्ण व्होल्ट दाखवते. लॅपटॉप लावून, वायर हलवून, वीस मिनिटांनी जोडाला बोट लावून बघा. गरम लागला तर काम परत करायला सांगा.

नवा चार्जर कधी घ्यायचा? ठोकळाच गेला असेल तेव्हा. डीपीवर न्यूट्रल तुटला की घरात 230 च्या जागी कितीतरी जास्त व्होल्ट येतात. त्यात जळलेल्या ठोकळ्याला वायर बदलून जीव येत नाही. तसेच फाटलेली जागा अगदी ठोकळ्याच्या तोंडाशी असेल, तर दुरुस्तीसाठी तो फोडावा लागतो. चिकटवलेला ठोकळा फोडणे हे घरचे काम नव्हे, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक राहू शकते. आणि ज्यांच्या लॅपटॉपला मोबाइलसारखी दोन्हीकडून चालणारी टाइप-सी पिन आहे आणि केबल ठोकळ्यातून निघते, त्यांनी फक्त केबल घ्यावी. मात्र मोबाइलची कोणतीही केबल घालून चालत नाही, लॅपटॉपला लागेल तेवढ्या वॅटचीच हवी.

नव्यातही एक गोम आहे. बाजारात बिननावाचे स्वस्त चार्जर ढिगाने मिळतात. चांगल्या जुन्या ठोकळ्याला नीट जोड मारणे मला या नव्यापेक्षा शंभरदा पसंत आहे. घ्यायचाच तर जुन्यावरचे आकडे कागदावर लिहून न्या. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, पण कमी अजिबात नकोत. आणि ठोकळ्यावर बीआयएसचा नोंदणी क्रमांक बघा, 'आर' अक्षर आणि पुढे आठ आकडे असतात. बियाणे घेताना टॅग बघतो की नाही, तसेच.

आता गावकारभाऱ्यांना एक सांगायचे आहे. अडीचशे रुपयांच्या दुरुस्तीची पावती कोण मंजूर करणार, या भीतीने भाऊसाहेब टेपच मारत राहतात, आणि नव्या चार्जरची मागणी वर गेली की महिने जातात. सादिलवार खर्च कशासाठी असतो मग? ग्रामपंचायतीने ठराव करून चार्जर, वायर, एक्स्टेंशन बोर्ड यांच्यासाठी थोडी रक्कम वेगळी ठेवावी आणि एक जादा चार्जर कपाटात ठेवावा. जडसंग्रहात नोंद आहे म्हणून जळका ठोकळाही जपून ठेवायचा, हेही बंद व्हावे. त्याचे रीतसर निर्लेखन करा. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत, तो रीतसर ई-कचरा संकलनाकडेच गेला पाहिजे. तांब्यासाठी पोरे वायरी जाळतात, तो धूर छातीत घेण्यासारखा नसतो.

राहिली निगा. वायर ठोकळ्याभोवती घट्ट आवळून गुंडाळू नका, तिथेच ती पहिल्यांदा तुटते. कासऱ्यासारखी मोठी सैल वेटोळी करा. पिन काढताना वायर ओढू नका, पिन धरा. आणि रात्री चार्जर टेबलावर न ठेवता कपाटात ठेवा, कारण बियाण्याच्या पिशव्या ज्या खोलीत असतात तिथले उंदीर वायरीलाही सोडत नाहीत.