मालमोटार डिझेलची की पेट्रोलची?

“डिझेल स्वस्त, म्हणून ट्रक डिझेलवर चालतात,” असे उत्तर मला वर्गात दरवर्षी मिळते. ते अपुरे आहे. भारतात डिझेलचे दर ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले, तरी लांब पल्ल्याचे ट्रक डिझेलवरच राहिले.

पेट्रोल एंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण दाबून सुमारे एक दशांश आकारमानाचे करतात. आणखी दाबले तर ते ठिणगीची वाट न पाहताच पेटते आणि एंजिन खटखटते. डिझेल एंजिनात दाबायची ती नुसती हवा. ती १६-१८ पट दाबता येते. मग ती इतकी तापते की फवारलेले डिझेल आपोआप पेटते. दाबणे अधिक, तितके उष्णतेतून मिळणारे कार्य अधिक. शिवाय लिटरमागे डिझेलमध्ये सुमारे १० टक्के जास्त ऊर्जा असते.

म्हणून मुंबई-नागपूर ट्रकाला डिझेलच योग्य. पण गल्लोगल्ली पाव-दूध पोचवणाऱ्या गाड्यांना? एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. साठलेली काजळी जळून जायला धूर बराच वेळ चांगला तापलेला हवा. दर पाच मिनिटांनी थांबणाऱ्या गाडीत तो तापत नाही, गाळणी तुंबते. जुन्या गाड्यांना तर गाळणीच नाही. त्यांची काजळी शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या तुमच्या छातीत जाते, आणि डिझेलच्या धुराने कर्करोग होतो असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये दिला आहे.

पेट्रोलचा धूर निर्मळ असतो असे नव्हे. काजळी मात्र पुष्कळ कमी. गावातल्या फेऱ्यांना मालकांनी थोडे जास्त इंधन जाळावे, पण गाडी पेट्रोलचीच घ्यावी, असे माझे मत आहे.