धरणें आणि सोडणें

या पानावर आम्ही बहुधा घरांतील रीतिभाती, मुलांचा अभ्यास आणि जमाखर्च यांविषयीं लिहीत असतों. तेव्हां या खेपेस आम्ही स्कूटरच्या क्लचाविषयीं लिहावयास बसलों आहों हें पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल, आणि "मास्तरांस म्हातारपणीं हें काय सुचलें?" असेंही कोणी म्हणेल. परंतु ज्या गोष्टीपायीं आमच्या घरांत तीन आठवडे अबोला चालला, आणि जिच्यामुळें आमच्या वहिनींवर ऐन घाटांत जिवावरचा प्रसंग येऊन टळला, ती गोष्ट कुटुंबाच्या पानास परकी आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

प्रथम गाडीची हकीकत सांगतों. आमचे वडील बंधू कै. दादा पोलादपुरास नोकरीस होते. महाडाहून तेथें जाणेंयेणें ते आपल्या चेतक स्कूटरवरून करीत. इटलीच्या पिआज्जिओ कंपनीचा परवाना १९७१ सालीं संपल्यावर बजाज कंपनीनें १९७२ पासून ही गाडी काढली आणि राणा प्रतापाच्या अश्वाचें नांव तिला दिलें. पुढें एका पिढीच्या मध्यम स्थितीच्या घरांचा संसार या गाडीनें वाहिला, हें वाचकांस सांगावयास नको. मागें पत्नी, पुढें उभें मूल, आणि हुकास भाजीची पिशवी! गिअरची ती चेतक बनविणें बंद होऊन आतां बरींच वर्षें झालीं. २०२० पासून त्याच नांवाची विजेची गाडी मिळते, तिला क्लचच नाहीं.

दादा २०२० सालीं गेले. पुढच्याच वर्षीं, २२ जुलै २०२१ रोजीं, सावित्री आणि गांधारी या दोन्ही नद्या महाड गांवांत शिरल्या, त्यांत अंगणांतील ही गाडीही बुडाली. पाणी ओसरल्यावर ती भंगारांत द्यावी असें आमचें मत होतें. परंतु दादांच्या चिरंजीवांनीं, म्हणजे आमच्या पुतण्यानें, ती उकलून चिखल धुतला, बेअरिंगें बदललीं, आणि वर्षभराच्या खटपटीनें ती चालती केली. येथवर सर्व स्तुत्यच होतें. मात्र तरुणाचें मन चालत्यावर थांबत नाहीं. मूळच्या ५७ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडराऐवजीं त्यानें ६३ मिलिमीटरचा सिलिंडर बसविला, कार्ब्युरेटर मोठा केला आणि सायलेन्सरही निराळा आणविला. गाडी बाणासारखी धावूं लागली. आम्ही नापसंती दर्शविली, तेव्हां "काका, तुम्ही एकदां मागें बसून तर पाहा!" एवढेंच उत्तर मिळालें.

गेल्या माघांत वहिनींस क्षेत्र महाबळेश्वरीं कृष्णामाईच्या दर्शनास जावयाचें होतें. पोलादपुराहून आंबेनळी घाटानें चढून जावें लागतें. समुद्रसपाटीच्या जवळून निघून सुमारें साडेचार हजार फूट उंचीवर पोंचविणारी ती वाट आहे. कांहीं वळणें सुरळीत पार पडलीं. मग एका उभ्या चढावर इंजिनाचा आवाज एकाएकीं वाढला, आणि गाडीचा वेग मात्र कमी झाला. करपल्याचा वास सुटला. मूठ पिरगाळावी तों आवाज वाढे. गाडी थांबली आणि मागें सरूं लागली. मागून एस.टी. येत होती. पुतण्यानें दोन्ही ब्रेक आवळले, वहिनींनीं उतरून रस्त्याकडेचा धोंडा चाकाखालीं सारला, एस.टी.च्या चालकानेंही वेळींच गाडी आवरली. दर्शन राहिलें, दोघें सुखरूप परतलीं, हेंच दर्शन समजावयाचें.

घरीं आल्यावर आम्ही जें बोललों तें येथें लिहिण्यासारखें नाहीं. "गाडी आजच्या आज विकून टाक," हें त्याचें तात्पर्य. पुतण्या खालीं मान घालून गेला, तो आमच्याशीं बोलेना. तिसऱ्या आठवड्यांत वहिनी आम्हांस म्हणाल्या, "भावोजी, मुलगा नापास झाला तर तुम्ही त्याचा पेपर पाहत होतां. न पाहतांच शाळेंतून काढीत नव्हतां." या बोलण्यापुढें आमचा राग टिकला नाहीं. दुसऱ्या दिवशीं आम्ही गाडीपाशीं पाट मांडून बसलों.

क्लच म्हणजे इंजिन आणि गिअर यांच्यामधला मध्यस्थ. एका वाटीसारख्या घरांत बुचाचे तुकडे लावलेल्या चकत्या आणि लोखंडी चकत्या एकीआड एक बसविलेल्या असतात, आणि स्प्रिंगा त्यांस एकमेकींवर दाबून धरतात. दाबलेल्या असतां त्या एकजीव होऊन फिरतात; डाव्या मुठीची दांडी ओढली कीं दाब सुटून त्या अलग होतात. हें बूच पोर्तुगाल, स्पेन इत्यादि देशांत वाढणाऱ्या एका ओकवृक्षाची साल होय. झाड सुमारें २५ वर्षांचें झाल्यावर ती प्रथम काढतात, आणि पुढें दर ९ वर्षांनीं. तेलांत बुडूनही पकड न सोडणें हा तिचा गुण आहे.

आतां गणित पाहा. पिस्टनची दौड ५७ मिलिमीटर. व्यासही ५७ असतां इंजिनाचें आकारमान सुमारें १४५ घनसेंटिमीटर होतें. व्यास ६३ केला कीं तें सुमारें १७७ होतें. पिस्टनचें क्षेत्रफळ शेंकडा २२ वाढलें, म्हणजे धक्काही निदान तितका वाढला. परंतु क्लचाच्या चकत्या तितक्याच आणि स्प्रिंगाही त्याच! बैल बदलला, पण जोखडाची दोरी जुनीच राहिली. यांत गाडी बनविणाराचा कांहीं दोष नाहीं. त्यानें दोरी मूळच्या बैलाच्या मापाची दिली होती.

गाडी कडेवर निजवून आणि मागचें चाक काढून पुतण्यानें क्लच बाहेर काढला. बूच काळें पडून कांचेसारखें गुळगुळीत झालें होतें. दुसरा अपराधी तेलांत सांपडला. गावांतील एका कारागिरानें उरलेलें मोटारीचें तेल गिअरपेटींत ओतलें होतें. मोटारीच्या कित्येक आधुनिक तेलांत घर्षण कमी करणारीं द्रव्यें घातलेलीं असतात. मोटारीस तीं हितकर, परंतु ज्या क्लचाचें सारें जीवित घर्षणावर, त्यास तीं विषवत्. या गाडीस साधें तीस नंबरचें तेल, सुमारें पाव लिटर, एवढेंच हवें.

मग उपाय कोणता, याचा खल झाला. पहिला उपाय कडक स्प्रिंगांचा. त्यांनीं पकड वाढते, पण दांडी इतकी जड होते कीं महामार्गावरील गर्दींत मनगट दुखूं लागतें. शिवाय क्लचवायर लवकर तुटते आणि दाब घेणारी चकती झिजते. दुसरा उपाय एक चकती वाढविण्याचा. घासणारे पृष्ठभाग वाढल्यानें त्याच दाबांत अधिक पकड मिळते. मात्र सर्व चकत्या पुरत्या अलग होण्यास जागा कमी पडते, आणि न्यूट्रल सांपडत नाहीं. तिसरा उपाय वाटीस बाहेरून पोलादी कडें जोडण्याचा. या घराण्याच्या स्कूटरींत क्लच थेट इंजिनाच्या दांड्यावर असल्यामुळें तो इंजिनाच्याच वेगानें फिरतो. वेग वाढला कीं वाटीच्या पाकळ्या बाहेर फांकूं पाहतात. कडें त्यांस आवरतें. तें झांकणास घासत नाहीं ना, एवढें पाहावें लागतें.

पुतण्यास तिन्ही उपाय एकदम करावयाचे होते. आम्ही म्हणालों, "औषधाची मात्रा तिप्पट केल्यानें रोग तिप्पट लवकर बरा होत नाहीं." शेवटीं कडें जोडलेली वाटी, किंचित् कडक स्प्रिंगा आणि मूळच्या संख्येइतक्याच नव्या चकत्या असें ठरलें. चकत्या रात्रभर तेलांत भिजविल्या. दांड्यावरील अर्धचंद्राकृति चावी नवी घातली, कारण ती झिजलेली असेल तर बाकीचें सारें व्यर्थ. दांडीस थोडी ढील ठेवून वायर बांधली. ढील नसेल तर क्लच सदा अर्धवट सुटलेला राहून नवें बूचही जळतें. मग मागच्या बैठकीवर तांदुळाचें पोतें घट्ट बांधून पुतण्या एकटाच आंबेनळी चढून आला. गाडी एकदांही घसरली नाहीं. पोत्यास महाबळेश्वर घडलें, असें वहिनी म्हणाल्या.

तरी एक गोष्ट आमच्या मनांत सलत होती. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमान्वयें, नोंदणीपुस्तकांतील वर्णनाशीं विसंगत असा फेरफार गाडींत करतां येत नाहीं. आणि इंजिनाचें आकारमान त्या पुस्तकांत लिहिलेलें असतें. क्लच बळकट करणें ही दुरुस्ती. सिलिंडर वाढविणें हा फेरफार. आम्ही हें पुतण्यापुढें मांडलें आणि निर्णय त्याच्यावरच सोपविला. दोन दिवस तो कांहीं बोलला नाहीं. तिसऱ्या दिवशीं वहिनींनीं दादांचें नोंदणीपुस्तक पेटींतून काढून त्याच्यापुढें ठेविलें आणि म्हणाल्या, "यांच्या सहीच्या कागदावर एक आणि गाडींत दुसरें, असें नको रे बाळा."

त्या रविवारीं त्यानें आपण होऊन जुना सिलिंडर परत बसविला. मोठा सिलिंडर तेलकट फडक्यांत गुंडाळून माळ्यावर ठेविला आहे. नवा क्लच मात्र तसाच आहे. आतां पकड जोरापेक्षां अधिक आहे, आणि घाटांत तेंच बरें. चैत्रांत वहिनींस कृष्णामाईचें दर्शन घडलें. गाडी सावकाश चढली, पण कोठें थांबली नाहीं.

घरांत वाढता जोर आणणारें तरुण माणूस असतेंच, आणि असावेंही. त्यास रागें भरण्यापूर्वीं आपण जोडणारी चकती त्या जोराच्या मापाची ठेविली आहे कीं नाहीं, हें वडील माणसांनीं पाहावें. आम्ही तीन आठवडे पाहिलें नाहीं, आणि तेवढा दोष आमच्याकडे राहतो.