अंध सहकाऱ्याचा पासवर्ड दुसऱ्याच्या हाती का?

झाशीच्या सिविल लाइंसमध्ये गेल्या महिन्यात आम्ही पाच-सहा कार्यकर्ते एका सहकाऱ्याच्या घरी जमलो होतो. 2003 साली उत्तर मध्य रेल्वे स्थापन होईपर्यंत झाशी विभाग मध्य रेल्वेत होता. त्यामुळे मुंबई-भुसावळकडून बदलीवर येऊन इथेच स्थायिक झालेल्या मराठी माणसांची बैठक इथे नवी नाही. विषय वर्गणीचा होता, पण बोलणे भलतीकडेच वळले. बैठकीला आलेले आमचे एक अंध सहकारी म्हणाले, "भाऊ, एक अर्ज भरायला मी शेजारच्या पोराला हाक मारतो. पोरगा चांगला आहे. पण त्याला माझा पासवर्ड सांगावा लागतो, ओटीपीही सांगावा लागतो. माझ्या बँकेचा आकडा आता गल्लीत तोंडपाठ झाला असेल." सगळे हसले. ते स्वतः हसले नाहीत.

या सहकाऱ्यांना संगणक येत नाही असे मुळीच नाही. त्यांच्या संगणकात पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम आहे आणि तो ते सराईतपणे चालवतात. त्या दिवशी त्यांनी तो अर्ज आमच्यासमोर उघडला. आवाज बोलू लागला : "बटण. बटण. बटण. चित्र. लिंक." कोणते बटण? कशाचे चित्र? पत्ता नाही. पुढे वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहिण्याचा चौकोन, म्हणजे कॅप्चा, आला. तो ऐकण्याची सोय नव्हती. कोणीतरी अक्षरे वाचून दिली, तोवर ओटीपीची मुदत संपली. डोळस माणसाचे पाच मिनिटांचे काम अर्ध्या तासात झाले नाही.

मित्रहो, दोष यंत्राचा नाही, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. वेबपान वाचून दाखवणारी साधने आज अनेक आहेत आणि त्यांतील काही फुकट मिळतात. एनव्हीडीए हा प्रोग्रॅम 2006 साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणाने सुरू केला. तो आजही विनामूल्य आहे. दुसरा प्रकार एक्स्टेंशनचा, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या पूरक प्रोग्रॅमचा. गूगलचे क्रोमव्हॉक्स हे असेच एक्स्टेंशन म्हणून पुढे आले. आज ते क्रोमबुक संगणकात मुळातच बसवलेले असते. ते घडवणाऱ्यांत टी. व्ही. रामन हे प्रमुख होते. रामन पुण्यात जन्मले आणि वाढले. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्ण गेली. पुणे विद्यापीठातून गणित आणि मुंबईच्या आयआयटीतून संगणकशास्त्र शिकून ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले. गणिताची सूत्रे आवाजात कशी मांडावीत यावर त्यांनी 1994 साली प्रबंध लिहिला. म्हणजे ज्यांना "यांना संगणक काय कळणार" म्हणून बाजूला बसवले जाते, त्यांच्यापैकीच माणसांनी ही साधने तयार केली आहेत.

मग अडते कुठे? असे साधन पडद्याचे चित्र बघत नाही. पानामागे जो मजकूर आणि ज्या खुणा लिहिलेल्या असतात, त्या ते वाचते. हे शीर्षक, ही लिंक, हा नाव लिहिण्याचा रकाना, अशा खुणा असल्या की ऐकणारा माणूस एक कळ दाबून शीर्षकावरून शीर्षकावर जातो. पान बनवणाऱ्याने बटणाला नावच दिले नाही, तर साधन नुसते "बटण" म्हणणार. बिचारे दुसरे काय करणार? ज्या पत्रावर पत्ताच नाही, ते आपला पोस्टमन तरी कुठे टाकणार?

मराठी वाचकाची अडचण आणखी एक आहे. हिंदी आणि मराठीची लिपी एकच. हे पान मराठीत आहे अशी एक छोटी खूण पानात घालावी लागते. ती नसली की साधन आपल्या ठरलेल्या आवाजात, बहुधा हिंदीत किंवा इंग्रजीत, वाचत सुटते आणि मराठी मजकूर कानाला परका वाटू लागतो. त्याहून वाईट म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर. तो डोळ्यांना मराठी दिसतो, पण साधनाला त्यात निरर्थक रोमन अक्षरे आणि चिन्हेच सापडतात.

काही मित्र विचारतील, असे सहकारी आहेत तरी किती? आमचा उलट प्रश्न आहे, हक्क कधीपासून डोकी मोजून मिळू लागला? अंधांसाठीचे ब्रेल साहित्य सात किलोपर्यंत आपले पोस्ट खाते विनामूल्य पोहोचवते. त्या वेळी अंध वाचक किती, असे कोणी विचारत नाही. शिवाय मोतीबिंदू, मधुमेह आणि काचबिंदू पेन्शनरांच्या घरोघरी पोहोचले आहेत. आज ज्याला दिसते, त्याला उद्या दिसेलच याची हमी कोणी देऊ शकत नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकरीतील राखीव जागा तीन टक्क्यांवरून चार टक्के केल्या, आणि कामाच्या ठिकाणी योग्य ती सोय करून देणे आस्थापनेवर बंधनकारक केले. राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी सांगितले की, सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा असून चालणार नाहीत, ते सक्तीचे हवेत. 30 एप्रिल 2025 रोजी त्याच न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या 21 व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. राखीव जागेवर माणूस घ्यायचा आणि त्याच्यासमोर मुके पान ठेवायचे, हे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणे आहे.

पण प्रशासनाकडे बोट दाखवताना आपणही आरशात पाहिले पाहिजे. आपल्या युनियनची परिपत्रके कशी जातात? जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून, छापून, सही-शिक्का मारून, मोबाइलवर फोटो काढून. झाशीच्या त्या बैठकीची सूचनाही अशीच गेली होती. आमचे ते अंध सहकारी बैठकीला आले, कारण कोणीतरी त्यांना फोन केला. फोन करायचा राहिला असता तर? ज्याच्या वर्गणीवर युनियन चालते, त्याला युनियनचा कागदच वाचता येऊ नये, ही आमची चूक आहे आणि ती आम्ही मान्य करतो.

म्हणून आमचे म्हणणे असे :

एक, कर्मचाऱ्यांसाठीचे कोणतेही नवे संकेतस्थळ घेताना ते पडदावाचकावर चालले पाहिजे, ही अट निविदेतच असावी. नंतर ठिगळ लावणे महाग पडते आणि बहुधा राहूनच जाते.

दोन, ते चालते की नाही हे अंध कर्मचाऱ्यांनीच तपासावे, कामाच्या वेळेत आणि पगारी. त्यांच्या पसंतीशिवाय ठेकेदाराचे शेवटचे बिल मंजूर होऊ नये.

तीन, कॅप्चाला आवाजाचा पर्याय असावा आणि ओटीपीची मुदत वाढवून मिळावी.

चार, आपली परिपत्रके यापुढे युनिकोड मजकूर म्हणूनच निघावीत. फोटो हवा असेल तर सोबत जावा, मजकुराऐवजी नव्हे. याला कोणाची मंजुरी लागत नाही. हे उद्यापासून करता येते.

प्रत्येक शाखेने एक प्रयोग जरूर करावा. पडदावाचक चालू करा, पडदा झाका, माउस काढून ठेवा आणि नुसते ऐकत आपल्या रजेचा अर्ज भरून पाहा. कुठे अडलात ते लिहून काढा. ती यादी पुढच्या बैठकीत प्रशासनासमोर ठेवायची आहे. आणि ती ठेवायला जे शिष्टमंडळ जाईल, त्यात आपले अंध सहकारी असलेच पाहिजेत. त्यांच्या वतीने बोलणारे आजवर पुष्कळ झाले. या वेळी त्यांनी बोलावे आणि आपण त्यांच्या पाठीशी उभे राहावे.