राजमा, गुणसूत्रं आणि एक नॉर्मल रिपोर्ट

गेले तीन शनिवार काही लिहिलं नाही, कारण डोंबिवली-ठाणे फेऱ्या चालू होत्या. आमच्या काकूचं हिमोग्लोबिन वर्षभर घसरतंय. लोहाच्या गोळ्या झाल्या, बी-१२ ची इंजेक्शनं झाली, दोनदा रक्त चढवून झालं. शेवटी ठाण्याच्या रक्तविकारतज्ज्ञांनी 'एमडीएस'ची शंका काढली. हाडांतल्या मगजातच बिघाड होतो आणि धड रक्तपेशी तयार होत नाहीत, असा हा रक्ताचा कॅन्सर. डॉक्टरांनी बोनमॅरो काढून त्यावर गुणसूत्रांची तपासणी, म्हणजे कॅरिओटाइप, करायला सांगितली.

बोनमॅरो म्हणजे कमरेच्या हाडात सुई. काकू म्हणाली, "मेले तरी चालेल, पण ते नको." आता घरात सॉफ्टवेअरवाला असला की त्याला सगळ्यातलं सगळं कळतं असा एक समज असतो (त्याचा स्वतःचाही!). मी मोबाइलवर 'कॅरिओटाइप' शोधलं, 'नमुना : रक्त' असं दिसलं, बुक करून टाकलं. रविवारी सकाळी मुलगा घरी येऊन हिरव्या बुचाच्या नळीत रक्त घेऊन गेला. फॉर्मवर आजाराचा रकाना होता, तो त्यानेही भरला नाही आणि मीही नाही. दहा दिवसांनी रिपोर्ट आला : ४६, एक्सएक्स. नॉर्मल. काकांनी पेढे आणले.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "रिपोर्ट बरोबर आहे हो. पण हे उत्तर वेगळ्याच प्रश्नाचं आहे."

झालं होतं असं. गुणसूत्रं सुटी सुटी मोजता येतात ती पेशी विभागली जात असतानाच. रक्तात फिरणाऱ्या तयार पांढऱ्या पेशी एरवी विभागल्या जात नाहीत. मग लॅबमध्ये त्यांत पीएचए नावाचं प्रथिन घालतात, जे चक्क राजम्यापासून मिळतं. त्याने रक्तातल्या लिम्फोसाइट जाग्या होतात आणि साधारण ७२ तासांत मोजण्याजोग्या होतात. वारंवार गर्भपात होणारं जोडपं किंवा डाउन सिंड्रोमची शंका असलेलं बाळ यांच्यासाठी ही तपासणी उत्तम, कारण तिथे जन्मजात दोष शोधायचा असतो. काकूचा बिघाड मात्र मगजातल्या पेशींत. आम्ही तिच्या निरोगी लिम्फोसाइट मोजून पेढे वाटले. कोड कंपाइल झाला, रन झाला, एरर नाही, आणि आउटपुट भलतंच!

गंमत म्हणजे पीएचएचा हा गुण १९६० साली दाखवला पीटर नॉवेल यांनी, आणि त्याच वर्षी त्यांनी व डेव्हिड हंगरफोर्ड यांनी सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरमधलं 'फिलाडेल्फिया गुणसूत्र' जगापुढे आणलं.

आता म्हणून रक्ताचा नमुना टाकाऊ का? मुळीच नाही. कल्याणचा माझा एक मित्र त्याच सीएमएलचा पेशंट आहे, इमॅटिनिब घेतो, रोज लोकल पकडतो. निदानाच्या वेळी एकदा त्याचा बोनमॅरो झाला. त्यानंतर दर तीन महिन्यांनी फक्त दंडातलं रक्त, त्यावर बीसीआर-एबीएलची पीसीआर. सीएलएलमध्ये रोगट पेशी रक्तातच भरपूर असतात, तिथेही रक्तावर फिश तपासणी चालते. अक्यूट ल्युकेमियात कोवळ्या ब्लास्ट पेशी रक्तात पुरेशा उतरल्या असतील तर रक्तावरून गुणसूत्रं बघता येतात. एमडीएसमध्ये त्या बहुतेकदा मगजातच दडून असतात. म्हणजे रक्त की मगज हे आजारावर ठरतं. सुईच्या भीतीवर नाही आणि ॲपच्या यादीवर तर नाहीच.

माझं म्हणणं एवढंच, की 'कॅरिओटाइप' हा एकच शब्द दोन वेगळ्या तपासण्यांना चिकटवून त्या ऑनलाइन विकू नयेत. आजाराचा रकाना रिकामा असेल तर नमुना घेऊच नये. आमच्या साध्या लॉगिन फॉर्मवर लाल फुली येते, मग इथे का नाही? रिपोर्टवरही ठळक लिहावं की कुठल्या पेशी पाहिल्या. लॅबवाले म्हणतील, बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. असतं, मी नंतर वाचलं. माझी चूक आहेच, ती मी नाकारत नाही. पण डोंबिवलीतल्या किती घरांत ती ओळ वाचून कळेल? आणि नॉर्मल रिपोर्ट हातात पडल्यावर किती जण परत डॉक्टरांकडे जातील?

शेवटी काकूचा बोनमॅरो झाला. भूल देऊन, अर्ध्या तासात. बाहेर आल्यावर म्हणते, "एवढंच होतं?" वीस पेशी मोजल्या, त्यातल्या नऊंमध्ये पाचव्या गुणसूत्राच्या लांब भुजेचा तुकडा गायब. एमडीएसमधल्या बऱ्या प्रकारांपैकी हा, आणि त्यावर लेनालिडोमाइड नावाची गोळी चांगली लागू पडते. सोमवारपासून सुरू होतेय. 'नॉर्मल'वर विसंबून बसलो असतो तर नुसतं रक्त चढवत राहिलो असतो.

काकू आता विचारतेय, राजमा खाल्लेला चालेल का. चालेल. नीट भिजवून, चांगला उकळून. कच्च्यात ते पीएचए असतं आणि त्याने पोट बिघडतं.