छापील गीत आणि न ऐकलेला अर्थ

रॉक आणि हेव्ही मेटल या गानप्रकारांतील शब्दांचा ‘खोल’ अर्थ लावणारांचे दोन पक्ष आहेत आणि ते एकमेकांना शत्रू मानतात. एका पक्षाला शब्दांच्या तळाशी सैतान सापडतो, दुसऱ्याला कोलरिज. पहिला पक्ष आपला शोध घेऊन विधिमंडळात आणि न्यायालयात जातो, दुसरा विद्यापीठात. वाचनपद्धती मात्र दोघांची एकच. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर छापलेले शब्द पुढ्यात घ्यावयाचे, आवाज आणि वाद्ये बाजूला सारावयाची, आणि अर्थ म्हणजे कोणी पुरून ठेवलेला मोहरांचा हंडा आहे अशा श्रद्धेने खणू लागावयाचे. या श्रद्धेची किंमत केवळ समीक्षेला मोजावी लागली असती, तर तिची दखल घेण्याचे फारसे कारण नव्हते.

१९८५ साली टिपर गोर प्रभृतींनी अमेरिकेत ‘पेरेंट्स म्युझिक रिसोर्स सेंटर’ ही संघटना स्थापन केली. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला सिनेटच्या समितीपुढे ‘ट्विस्टेड सिस्टर’ या वृंदाचा गायक डी स्नायडर याने साक्ष दिली. वृंदाच्या ‘अंडर द ब्लेड’ या गीतात श्रीमती गोर यांना बंधन आणि बलात्कार दिसले होते. स्नायडरचे म्हणणे असे की, गीत वृंदातील गिटारवादकाच्या घशावरील शस्त्रक्रियेविषयी, त्या वेळच्या भयाविषयी आहे; आणि पुढे असेही की, शोधणाऱ्याला जे हवे असते ते सापडतेच. साक्ष म्हणून हे उत्तर चोख होते. सिद्धान्त म्हणून ते टिकत नाही. कारण पहिल्या अर्ध्यात अर्थाचा धनी गीतकार आहे आणि दुसऱ्या अर्ध्यात अर्थाला धनीच नाही. नवल असे की, या गानप्रकाराचा कैवार घेणारी समीक्षाही हेच दोन अर्धे आळीपाळीने वापरीत आली. आरोप झाला की गायकाला तसे म्हणावयाचे नव्हते. गौरव करावयाचा असला की संहिता अनेकार्थी आहे!

हेतूला प्रमाण मानावयाचे, तर कोणाच्या? ऑझी ऑझबर्नच्या ‘सुइसाइड सोल्यूशन’ (१९८०) या गीताच्या शीर्षकातील दुसरा शब्द श्लिष्ट आहे: तोडगा आणि द्रावण. रोख दारूवर आहे. एका तरुणाच्या आत्महत्येनंतर हे गीत न्यायालयात खेचले गेले आणि १९८८ साली कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने ऑझबर्नच्या बाजूने निर्णय दिला. दारूने बळी घेतलेल्या बॉन स्कॉटविषयी हे गीत आहे, असे ऑझबर्नचे सांगणे. बॉब डेझली या गीतलेखकाने मात्र ते ऑझबर्नच्याच व्यसनावर लिहिल्याचे सांगितले आहे. म्हणजे गाणारा ज्याच्याविषयी आपण गात आहोत असे समजतो, त्याच्या जागी लिहिणाऱ्याच्या मनात गाणाराच उभा आहे. विम्सॅट आणि बिअर्डस्ली यांनी कवीच्या हेतूला निकष मानण्यातील दोष १९४६ मध्येच दाखविला. तो निबंध कवितेच्या तासाला शिकवावयाचा आणि गीताशी गाठ पडताच मुलाखतींची कात्रणे जमवावयाची, हा निव्वळ दुटप्पीपणा आहे.

खणण्याच्या या वृत्तीचा कळस नेवाडा राज्यातील रेनो येथे झाला. १९८५ च्या डिसेंबरात तेथील दोन तरुणांनी स्वतःवर गोळ्या झाडल्या. एक जागीच गेला. दुसरा विद्रूप होऊन आणखी सुमारे तीन वर्षे जगला. कुटुंबीयांनी ‘जूडास प्रीस्ट’ या वृंदाला जबाबदार धरले. १९९० मध्ये खटला चालला तो ‘स्टेन्ड क्लास’ (१९७८) मधील एका गीतावर, जे मुळात ‘स्पूकी टूथ’ या दुसऱ्याच वृंदाचे, १९६९ मधले. आक्षेप छापील शब्दांवर नव्हता. त्या शब्दांखाली, जाणिवेला कळणार नाही अशा पातळीवर, कृतीची आज्ञा दडविली आहे, असा आरोप होता. न्यायाधीश जेरी कार व्हाइटहेड यांनी वृंदाच्या बाजूने निर्णय देताना ती कथित आज्ञा म्हणजे गायकाचा उच्छ्वास आणि गिटारचा ध्वनी यांचा योगायोगाने पडलेला मेळ ठरविला. निर्णयातील विधिशास्त्र येथे प्रस्तुत नाही. प्रस्तुत आहे ते हे की, श्वास आणि गिटार एकत्र ऐकण्याचे काम, जे समीक्षकाचे होते, ते एका न्यायाधीशाला करावे लागले. आणि तेही तेथे कोणी काही दडविलेले नाही हे ठरविण्यासाठी. शोकग्रस्त घरांना दोष देता येत नाही. अर्थ नेहमी दडलेलाच असतो असे ज्या संस्कृतीने त्यांना शिकविले, तिच्यात साहित्याचे अध्यापकही येतात.

वस्तुतः मराठी समीक्षेच्या हाताशी याहून बरी साधने परंपरेनेच आलेली आहेत. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त आर्थी व्यंजनेची जी निमित्ते सांगितली, त्यांत वक्ता आहे, ज्याला उद्देशून बोलावयाचे तो आहे, काकू म्हणजे आवाजाचा पालट आहे, इतरांचे सान्निध्य, प्रसंग, देश, काल आहेत. यांपैकी काकू तर छापील पानावर उमटतच नाही. आनंदवर्धनाने व्यंजकत्व हे वाचकत्वाहून भिन्न आहे असे दाखविताना गीताच्या ध्वनींचाच दाखला दिला: त्यांना वाच्यार्थ नसतो, तरी त्यांतून रस अभिव्यक्त होतो. प्रतीयमान अर्थ त्याच्या लेखी अवयवांखाली पुरलेला नसतो. लावण्यासारखा तो अवयवांवरच झळकतो आणि तरी त्यांहून निराळा असतो. ही सूत्रे मुखोद्गत असलेली विद्वान मंडळी इलेक्ट्रिक गिटार कानी पडताच खिडकी लावून घेतात.

‘ब्लॅक सॅबथ’चे ‘वॉर पिग्ज’ (१९७०) घ्यावे. त्यातील शब्दरचना मुख्यतः गीझर बटलरची, आवाज ऑझबर्नचा. आरंभीच युद्ध आखणाऱ्या सेनापतींचा जमाव येतो आणि त्यांना सैतानपूजेसाठी जमलेल्या चेटकिणींची उपमा दिली जाते. दोन्ही ठिकाणी ओळीच्या अंती एकच इंग्रजी शब्द आहे. कागदावर पाहणारा हसतो: शब्दाचे त्याच शब्दाशी यमक! पण तो शब्द एकदा ‘जमाव’ या अर्थी आहे आणि एकदा ख्रिस्ती उपासनाविधीच्या अर्थी. संस्कृत आलंकारिकांचे यमक ते हेच: अक्षरे तीच, अर्थ निराळा. आता कान द्यावा. संथ, जड वादन आणि त्यावर हवाई हल्ल्याचा भोंगा. वृंद आहे दुसऱ्या महायुद्धात बाँबवर्षाव सोसलेल्या बर्मिंगहॅमचा. मग कडवे सुरू होताच गिटार आणि बास दोन आघात करून थांबतात. उरते ती झांजांची बारीक चाल आणि मनुष्याचा आवाज. सेनापतींवरील आरोपपत्र असे उघड्यावर वाचले जाते. त्या आवाजात धर्मोपदेशकाचा आवेश नाही. तो सपाट आहे, किंचित रडवेला आहे. ज्याला लढाईवर धाडले जाईल त्याचा आहे. हा वक्ता आणि ही काकू वगळली, तर उरतात त्या शाळकरी युद्धविरोधी ओळी. आणि त्या वादनाचे जडत्व? टोनी आयोमीच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली तुटली होती. पुढे तो तारा सैल लावून वाजवू लागला. प्रतीके हुडकणाऱ्यांना हे वजन कोठे आढळावे?

‘मेटालिका’च्या ‘वन’ (१९८८) विषयी चाहते अभिमानाने सांगतात की, त्यामागे डॉल्टन ट्रम्बोची १९३९ मधील कादंबरी आहे. खरे आहे. पण बोध तेथेच थांबतो. पहिल्या महायुद्धात हातपाय, डोळे, कान, जीभ गमावलेला कादंबरीतील सैनिक उशीवर डोके आपटून मोर्स लिपीत बोलतो. गीताच्या उत्तरार्धात ढोल आणि गिटार मशिनगनच्या फैरींसारखे एकत्र तुटून पडतात, वाक्ये मोडून शब्दांचे तुकडे होतात, आणि ते डोके आपटणे व ती फैर यांत भेद उरत नाही. हे कादंबरीत नाही; गीताने कमावलेले आहे. ‘आयर्न मेडन’ने १९८४ मध्ये कोलरिजच्या खलाशावर तेरा मिनिटांहून मोठे गीत रचले, यालाही शिफारसपत्राहून अधिक काही मानले गेलेले नाही.

शब्द गौण, नादच सर्वस्व, असे म्हणून यातून सुटणारेही आहेत. रॉबर्ट वॉल्सरने १९९३ च्या आपल्या ग्रंथात या संगीताच्या नादरचनेचे साक्षेपी विश्लेषण केले; त्याचा आधार घेऊन शब्द फेकून देणे हा त्याच्यावर अन्याय आहे. नाद सर्वस्व असता, तर सेनापतींच्या कडव्यात गिटार थांबण्याचे प्रयोजन काय?

एकनाथांच्या विंचवाच्या भारुडात विंचू म्हणजे काम-क्रोध, हे भारूड स्वतःच सांगून टाकते. खणण्यासारखे काही ठेवीतच नाही. वर्गात मात्र तेवढे समीकरण फळ्यावर लिहून भारूड संपविले जाते. डंख झालेल्याची बोंब आणि ती ऐकून हसणारा जमाव फळ्यावर येत नाहीत. ‘वॉर पिग्ज’चेही असेच व्हावयाचे असेल, तर ते अभ्यासक्रमाबाहेर राहिलेलेच बरे.