पाणी मागे सरले की

आमचे घर उजनीच्या पाण्याच्या काठी आहे. इथे वसंत आला हे कॅलेंडर पाहून कळत नाही, पाणी पाहून कळते. कालव्याला पाणी सुटते आणि फाल्गुनात काठ रोज थोडा थोडा मागे जातो. काळा गाळ उघडा पडतो. बांधावरचा पळस लालभडक होतो, लिंबाला पालवी फुटते आणि आजी दारात उभी राहून म्हणते, "आलं बघ आपलं रान वर." १९८० मध्ये धरण पुरे झाले. आमचे जुने रान पाण्याखाली गेले, तेव्हा आजी नवी नवरी होती. विहीर कुठे होती, आंबा कुठे होता, ती बोटाने बरोबर दाखवते. मला तर नुसता चिखल दिसतो!

त्याच चिखलात रोहित पक्षी उतरतात. चोच उलटी बुडवून पाणी गाळतात आणि शेवाळ, बारीक किडे खातात. पट्टकादंब तर याच दिवसांत हिमालय ओलांडून परत निघतात. एवढ्या वाटेला निघायचे तर पोट भरलेले पाहिजे.

आता माझे मत. काही पालकांना राग येईल, आमच्या घरी आलाच आहे. आमचे दादा होडीतून पाहुण्यांना पक्षी दाखवतात. पाहुणे म्हणतात, "उडवा की, उडताना फोटो पाहिजे." मग इंजिन थेट थव्यात. रोहिताला जागच्या जागी उडता येत नाही, आधी पाण्यावर पळावे लागते. एका रविवारी मी मोजले, दुपारपर्यंत तोच थवा सात वेळा उठला. त्याने खायचे कधी?

माझे म्हणणे, इंजिन लांबच बंद करावे आणि पुढे बांबूने होडी न्यावी. दादा म्हणाले, "मी थांबलो तर पाहुणे दुसऱ्याच्या होडीत बसतील. तुझ्या वह्या कशातनं येतात?" तेही खरेच आहे. म्हणून हे एकट्याचे काम नाही, सगळ्या होडीवाल्यांनी मिळून ठरवावे. आपल्या वर्गात ज्यांच्या घरी होडी आहे, त्यांनी आज घरी हा विषय काढावा.

गेल्या रविवारी एका खेपेला दादांनी इंजिन लांब बंद केले. पक्षी उडाले नाहीत, खात राहिले. एका पाहुण्याने कुरकुर करून पन्नास रुपये कमी दिले. ते माझ्या नावावर मांडून ठेवलेत, असे दादा म्हणतात.

– एक विद्यार्थी, इयत्ता सातवी