पत आणि उचल

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनाचे औचित्य साधून, बीड ते अहिल्यानगर अशी प्रवासी रेल्वेगाडी सुरू झाली आणि जिल्ह्याचे कित्येक दशकांचे गाऱ्हाणे एकदाचे मिटले. परळी वैजनाथास निजामी अमदानीतच आगगाडी पोचली होती. जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणास मात्र स्वातंत्र्यानंतरही अठ्ठ्याहत्तर वर्षे वाट पाहावी लागली. त्याच महिन्यात याच शहराच्या रस्त्यांवर बंजारा समाजाचा मोठा मोर्चा निघाला. हैदराबाद गॅझेटच्या आधारे आपला समावेश अनुसूचित जमातींत करावा, ही त्याची मागणी होती. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध आहे, असे कोणी म्हटल्याचे वाचनात आले नाही. वस्तुतः तो आहे आणि फार जुना आहे. आगगाडीने दख्खनच्या मुलखातील काही घराण्यांचे दैव उघडले आणि काही कुळांचा पिढीजात धंदा बुडविला. ज्यांचे दैव उघडले ते मारवाडातून आलेले होते. आणि ज्यांचा धंदा बुडाला तेही आपले मूळ मारवाडातच सांगतात.

मोंढ्यातला मारवाडी आडत्या आणि डोंगराच्या कुशीतल्या तांड्यावरचा बंजारा ही एकाच दिशेने आलेली माणसे आहेत, हे सांगितले तर आजही पुष्कळांना नवल वाटते. ओसवाल आपले मूळ जोधपूरजवळच्या ओसियाँत शोधतात. बंजाऱ्यांची राठोड, चव्हाण, पवार ही कुळे राजपुतान्याकडे बोट दाखवितात. मारवाड्याच्या घरी मारवाडी टिकली, तांड्यावर गोरबोली टिकली, आणि दोहोंचे नाते कानाला कळते. तीज दोन्हीकडे आहे. तांड्यावरच्या मुली आजही टोपल्यांत गहू पेरून त्याचे कोंब वाढवितात. (येथेच एक खुलासा केलेला बरा. बंजारा म्हणजे वंजारी नव्हे. नावातील साम्यामुळे आणि उसाच्या फडात दोघेही शेजारी राबत असल्यामुळे शहरी वाचकांची गल्लत होते. शासनाच्या यादीत बंजारा विमुक्त जातींत आणि वंजारी भटक्या जमातींच्या ‘ड’ गटात मोडतात.)

आपल्या शिक्षकांच्या खोलीत आणि कचेरीतील मधल्या सुटीत या दोहोंची तुलना अधूनमधून होते, आणि ती ठरलेल्या वळणाने जाते. मारवाडी लोटा-दोरी घेऊन आला आणि माडी बांधून राहिला. तांडेवाला शेकडो बैल घेऊन आला आणि कोयता घेऊन राहिला. तेव्हा दोष कोणाचा, असा तो युक्तिवाद. एकाच्या अंगी उद्यम, दुसऱ्याच्या अंगी आळस आणि व्यसन, असा निकाल देऊन चहा संपतो. हा निकाल मला मान्य नाही. पहाटे तीनला कोपीतून उठून थंडीत उसाच्या फडात शिरणारा माणूस आळशी आहे असे म्हणण्यास फार मोठे धाडस लागते. ते धाडस सहसा पंख्याखाली बसलेल्यांच्या अंगी असते.

खरा भेद त्यांनी बरोबर काय आणले होते, यात आहे. बंजाऱ्यांचे भांडवल चालते होते. धान्य आणि मीठ पाठीवर लादलेल्या बैलांचे तांडे हीच त्या काळातील मालवाहतूक होती. दख्खनेत उतरलेल्या मोगल फौजांची रसद यांच्याच बैलांवर आली. शहाजहानच्या काळी आसफखानाबरोबर भंगी आणि जंगी हे दोन नायक आपले तांडे घेऊन आले आणि त्यांना पाणी, चारा व इतर हक्कांची सनद ताम्रपटावर मिळाली, अशी आख्यायिका सांगितली जाते. सनद खरी असो वा नसो, राज्यकर्त्याला त्यांची गरज होती एवढे तिच्यातून निश्चित दिसते. पुढे पक्क्या सडका झाल्या, १८५३ मध्ये मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाडहून औरंगाबाद-जालन्यावरून हैदराबादेकडे रूळ गेले. इंग्रजांनी मिठाचा व्यापार मुठीत घेतला होताच. लादणीच्या बैलाला काम उरले नाही. बैल हे असे भांडवल की, ते काम नसतानाही खाते.

मारवाड्याचे भांडवल वहीत होते. महाजनी अक्षर, हिशेब, आणि दूरच्या पेढीवर चालणारी हुंडी. ही तिन्ही आगगाडीने मोडली नाहीत. उलट तिच्यामुळे त्यांची किंमत वाढली. स्थानके झाली तेथे कापसाच्या जिनिंग आल्या, मोंढे आले आणि मोंढ्याबरोबर आडत आली. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे आलेला माणूस एकटा नसे. कलकत्त्यासारख्या शहरांत मारवाड्यांचे ‘बासे’ असत. नव्याने आलेल्या पोराला तेथे जेवण आणि पथारी मिळे. पोरगा नात्यातल्या कोणाच्या दुकानी मुनीम म्हणून राही, हिशेब शिके, आणि मग त्याच शेठकडून उधारीवर माल घेऊन दुसऱ्या गावी आपले दुकान मांडी. लोटा-दोरीची गोष्ट सांगताना लोक बासा विसरतात. रिकाम्या हाताने आलेल्या त्या पोराच्या मागे सबंध बिरादरीची पत उभी होती.

अर्थात, या पतीची दुसरी बाजूही झाकता येत नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणबी उठले आणि त्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्या रोषाचे लक्ष्य मुख्यतः मारवाडी आणि गुजर सावकार होते. त्यातून १८७९ चा शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो इंग्रजी मुलखापुरता होता. निजामाच्या मराठवाड्यातील कुळाला त्याचा आधार नव्हता. जमिनी गेल्या, त्याच्या कहाण्या आपल्या आज्यांनी सांगितल्या आहेत. तथापि सबंध समाजाला सावकार ठरविणे हे सबंध तांड्याला दारूभट्टी ठरविण्याइतकेच अन्यायाचे आहे. दुसऱ्याच्या दुकानी आयुष्यभर खतावण्या लिहिणारा मारवाडी मुनीमही याच जिल्ह्यात होता आणि त्याची माडी कधीच झाली नाही. आज तालुक्याच्या गावातील कापडदुकाने ओस पडत आहेत आणि शेठजींची मुले पुण्यास संगणकाच्या कंपन्यांत नोकरी धरीत आहेत. परंतु नोकरी धरण्यासाठी लागणारे शिक्षण त्यांच्यापाशी आहे. आष्टी तालुक्यातील कडा येथे अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळाने शिक्षणाचे काम उभे केले, त्याचा लाभ इतर समाजांच्या मुलांनाही झाला. बासा गेला आणि त्याच्या जागी वसतिगृह आले. विचार तोच राहिला.

तांड्याच्या वाट्याला त्याच सुमारास काय आले? १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. धंदा बुडालेल्या, स्थिर पत्ता नसलेल्या माणसाकडे राज्यकर्ते संशयाने पाहू लागले. निरनिराळ्या प्रांतांत बंजाऱ्यांवरही तो शिक्का बसला. ज्याला एके काळी फौजेची रसद आणण्यासाठी सनद मिळत होती, त्याला आता हजेरी द्यावी लागू लागली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. पण ऐंशी वर्षे ज्याच्या नावापुढे गुन्हेगार असे लिहिलेले होते त्याला उधार देणार कोण? पेढीही देणार नाही आणि बँकही देणार नाही. वसंतराव नाईकांसारखा तांड्यावरचा माणूस १९६३ ते १९७५ अशी जवळजवळ बारा वर्षे राज्याचा मुख्यमंत्री होता, सुधाकरराव नाईकही त्या पदावर बसले. समाजाला त्याचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. गेवराई-माजलगावकडच्या तांड्यांतील घराघराची पत मात्र त्याने वाढली नाही.

आणि ज्याची पत नाही त्याला उचल घ्यावी लागते.

ही उचल म्हणजे काय, हे या जिल्ह्यातील वाचकास सांगावयास नको. पण आपण ती नीट पाहत नाही. कारखाना वाहतूकदाराला पैसे देतो, वाहतूकदार मुकादमाला, आणि मुकादम पावसाळ्याच्या तोंडाशी कोयत्याला. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. माणसाचे मोजमाप हत्याराने करणारी भाषा आपण किती सहजपणे स्वीकारली आहे! पेरणी, लग्न, दवाखाना, मुलांच्या वह्या यांसाठी घेतलेली ही रक्कम आता जोडीमागे लाखाच्या घरात गेली आहे. दिवाळीच्या आगेमागे टोळी निघते; पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जाते आणि चैत्राच्या सुमारास परतते. ऊस तोडावयाचा, मोळी बांधावयाची, ती डोक्यावरून ट्रकपर्यंत न्यावयाची. एक दिवस खाडा झाला तर दंड. हंगामाअखेर हिशेब होतो, तो मुकादमाच्या वहीत होतो, आणि बाकी उरली तर ती पुढच्या वर्षीच्या मानेवर. ही स्थिती तांड्यापुरतीच आहे असेही नाही. वंजारी, मराठा, दलित असे सर्वच कोयते या वहीत आहेत. तांड्यापाशी तिच्याबाहेर फारच थोडे आहे, एवढेच.

हुंडी आणि उचल, दोन्ही कर्जच. हुंडीमागे नाव तारण असते, उचलीमागे देह. हुंडी घेणारा स्वतःच्या वहीत आकडा मांडतो, उचल घेणाऱ्याचा आकडा दुसरा मांडतो. हुंडी फिटली की पुढची मोठी मिळते. उचल फिटूच नये अशी तिची रचना आहे. कर्जापोटी श्रम बांधून घेण्याची पद्धत १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने बंद झालेली आहे. त्या कायद्याच्या कसोटीवर मुकादमाची वही टिकेल काय, हा प्रश्न विचारणारा अधिकारी आम्हाला अजून भेटलेला नाही.

खाडा परवडत नाही याची सर्वांत क्रूर किंमत बायकांनी मोजली. २०१९ मध्ये शासनाने नेमलेल्या समितीसमोर आलेल्या आकड्यांनुसार बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. कामात खंड नको म्हणून शरीराचा एक अवयवच काढून टाकणाऱ्या अर्थव्यवस्थेस काय म्हणावे, हे वाचकांनी ठरवावे.

मी या जिल्ह्यात पुष्कळ वर्षे शिक्षकी केली. हजेरीपटावर दिवाळीनंतर जी रिकामी घरे दिसतात त्यांची मला ओळख आहे. जूनमध्ये ज्याला पाढे येत होते तो पोरगा एप्रिलमध्ये परत येतो तेव्हा त्याच्या हाताला उसाच्या पाचटाचे ओरखडे असतात आणि पाढे गेलेले असतात. बाकावर त्याच्या शेजारी बसणारा मारवाड्याचा मुलगा त्याच्याहून हुशार असतोच असे नाही. तो फक्त दहाही महिने एके जागी असतो. दोन समाजांच्या स्थितीतील अंतर मोजण्यास मला याहून चांगले माप सापडलेले नाही. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे, संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहे काढण्याचा निर्णयही २०२१ मध्ये झाला. परंतु टोळ्या निघून गेल्यावर जर मंजुरीचा कागद यावयाचा असेल, तर तो कोणासाठी येतो?

आता मोर्चाच्या मागणीविषयी. तेलंगणात हेच लोक लंबाडा म्हणून अनुसूचित जमातींत आहेत, कर्नाटकात लंबाणी म्हणून अनुसूचित जातींत आहेत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत. या तिन्ही राज्यांतील टापू एकेकाळी हैदराबाद संस्थानात होते. १९५६ ला प्रांतरचना झाली, सीमारेषा तांड्यांमधून गेली, आणि एका बहिणीचा दाखला एका रंगाचा तर दुसरीचा दुसऱ्या रंगाचा झाला. बाळकृष्ण रेणके आणि भिकू रामजी इदाते यांच्या अध्यक्षतेखाली दोन राष्ट्रीय आयोग झाले, त्यांचे अहवालही आले. तेव्हा समाजाची विसंगतीबद्दलची तक्रार न्याय्य आहे, असे मला वाटते. दुसरीकडे आदिवासी संघटनांना आपला घास वाटला जाण्याची भीती वाटते, आणि तीही निराधार नाही. हा तंटा दीर्घकाळ चालेल. मला चिंता वाटते ती याची, की या तंट्यात सर्वांचे लक्ष दाखल्यावर खिळून राहील आणि मुकादमाच्या वहीकडे कोणी पाहणार नाही. दाखला हाती असलेला दहावीपर्यंत पोचावा लागतो.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ २०१९ मध्ये स्थापन झाले. कारखान्यांनी टनामागे दहा रुपये आणि शासनाने तितकेच द्यावेत, असे ठरले. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु दर वाढल्याने वही बदलत नाही. उचल कारखान्याने थेट कामगाराच्या बँकखात्यात, स्त्री आणि पुरुष यांच्या स्वतंत्र नावांनी का देऊ नये? हिशेबाची एक प्रत टोळीच्या हाती का असू नये? महामंडळ पावसाळ्यातील चार महिन्यांसाठी पतपुरवठा का करू शकत नाही? मारवाड्याच्या बिरादरीने आपल्या पोरांसाठी जे केले ते याहून फार वेगळे नव्हते. तांड्याच्या मागे तशी बिरादरी नाही, म्हणून ते शासनाने करावयाचे.

यंदाची उचल वाटून झाली आहे. दसऱ्यानंतर ट्रक भरू लागतील. वसतिगृहांच्या मंजुऱ्या जिल्हा परिषदेने त्यापूर्वी, निदान भाद्रपद संपण्याच्या आत, गावोगावच्या शाळांना पाठवाव्यात.